राळेचे जोड

घरून (आपल्या, जामसंड्याहून नव्हे)
१४ नोव्हेंबर २०२५

चि. निलेश यास,

अक्काचे आशीर्वाद. तुला आणि अपेक्षाला दोघांनाही.

पत्र बघून हसशील. आजकाल पत्रं कोण लिहितं! पण फोनवर मी बाबांचं नाव काढलं की तू "रेंज नाय गो" म्हणून ठेवून देतोस, आणि कुडाळसारख्या ठिकाणी तेवढ्याच वेळी रेंज कशी जाते हे मला कळतं. कागद मध्येच बंद करता येत नाही. फाडता येतो, पण तू पुरता वाचल्याशिवाय फाडणार नाहीस एवढी मी तुला ओळखते. आयटीआयला तुझ्याबरोबर होता त्या धनेशच्या हाती हे पाठवते आहे. यातलं बरंचसं त्याला ठाऊक आहे. तरी एकटा बसून वाच.

इकडची खबर अशी. दिवाळी झाली तरी पाऊस हटला नाही, त्यामुळे निम्मं भात आडवं झालं आणि पेंढा काळा पडला. आता ऊन पडलंय ते मात्र भाजून काढणारं. श्रियाची सहामाही झाली. गणितात तिने मामाचं नाव राखलं, म्हणजे काठावर पास. तुझे भावोजी जामसंड्याला एकटेच आहेत. रोज कुळथाची पिठी करून खातात आणि रोज फोन करून सांगतात की आज पिठी झकास झाली होती. मी शाळेतून रजा काढून इथे आले आहे. बाबांना जरा बरं नसतं.

जळकं माजघर तू पाहिलंस तसंच आहे. वर ताडपत्री घातली आहे, तीही पावसाने फाटली. बाबांची खाट पडवीत हलवली आहे. तिथे दुपारी फार उकडतं, आणि वीज तर काय, आली तर आली. म्हणून मनात आलं की गोठ्याच्या छपरावर तुझी पॅनेलं अजून शाबूत आहेत, आग तिथवर पोचली नव्हती, तर त्यांच्यावर निदान एक पंखा चालावा. तुला विचारायचं धाडस झालं नाही. धनेशला बोलावलं. रागावू नकोस. रागवायला पुढे बरंच आहे.

त्या आधी मागचं एकदा क्रमाने मांडू दे. तुला सगळं ठाऊक आहे, तरी आपण तिघांनी ते तीन तऱ्हेने पाहिलं.

गेल्या मार्गशीर्षात देवाने कौल दिला आणि गाव बाहेर पडलं. गुरं, कुत्री, कोंबड्या, पाळण्यातली पोरं, सगळं घेऊन आपण व्हाळाचं पाणी ओलांडून पलीकडच्या माळावर झावळ्यांच्या खोपीत राहायला गेलो. मीही हौसेने जामसंड्याहून आले होते. गावपळणीत तीन दिवस गावात माणूस नको, चूल नको, दिवा नको. दुसऱ्या दिवशीची भर दुपार. बाया भाकऱ्या थापत होत्या आणि कोणीतरी म्हणालं, "धूर खंयसून येता?" गावात चूल नाही तर धूर कसला? म्हाताऱ्या म्हणाल्या, तिकडे बघू नका. तू बघितलंस आणि उठलास. आपलं छप्पर तू तिथूनच ओळखलंस. तू व्हाळापर्यंत धावलास, आणि गुडघ्याने अधू असलेले बाबा कोण जाणे कसे तुझ्या मागे पोचले आणि त्यांनी तुझं मनगट धरलं. हद्द ओलांडू दिली नाही. कोणीतरी बंबाला फोन केला. बंबवाले बाहेरचे, त्यांना आत जायला देवाची हरकत नाही असं गावकऱ्यांनी चटकन ठरवलं, ते बरंच केलं. पण मालवणहून गाडी येईतो माजघराचे वासे खाली आले होते. आईचं कपाट त्यात गेलं. घरात माणूस असतं तर वास आला असता, एक कळशी पाण्याने भागलं असतं, असं मी वर्षभर म्हणत आले आहे. आता तेही म्हणवत नाही.

गाव परतल्यावर देवळात बैठक बसली. तोवर कुजबुज सुरू झालीच होती. तू सोलर बसवलेलं पहिलं घर आपलं, मग वाडीतली बालवाडी, मग आसपासच्या गावांतली घरं, देवबागेतली मावशीची खानावळ आणि खोल्या. निल्याच्या कामातच खोट असणार, असं दोघंतिघं उघड बोलले. तेव्हा बाबा उभे राहिले. "निल्याचा काम चोख होतां. वायर मी उपटलंय," म्हणाले. पडवीचा दिवा अंधार पडला की आपोआप लागतो, सोडलेल्या गावात दिवा लागता नये, म्हणून निघताना आपण छपरावर चढून पॅनेलाच्या वायरीचा जोड उपटला आणि मग भीती वाटली म्हणून कसातरी परत खुपसला, असं त्यांनी भर बैठकीत सांगितलं. सगळ्यांनी ते खरं मानलं. का नाही मानणार? सोवळंओवळं, देवाचे दिवस, यात आपल्या बाबांइतका कडक माणूस गावात दुसरा नाही. "सत्यवानान वायरीक हात लायल्यान, देवान दाखवल्यान," बाबांचं नाव घेऊन एवढं बोलून लोक उठले, आणि तुझ्या कामाला पुन्हा कोणी नाव ठेवलं नाही.

तू मात्र त्याच संध्याकाळी जळक्या उंबऱ्यात उभा राहून त्यांना म्हणालास, "बाबानू, माझ्या कामाक हात कित्याक लावलात?" आणि गेलास. चवथीलाही आला नाहीस. गणपती बाबांनी पडवीतच बसवला, मी आणि श्रियाने आरत्या म्हटल्या. दसऱ्याला देवाचा तरंग धरून मिरवायचा आपल्या घराचा मान यंदा दुसऱ्या घराला दिला. बाबा देवळाच्या पायरीखाली उभे होते, पायातल्या चपला न काढता. मी म्हटलं, वर चला. म्हणाले, "हयसून दिसता मां गो."

आता परवाची गोष्ट.

धनेश उजाडताच आला. स्विच पाडला, गोठ्यावर चढला आणि पॅनेलांवर जुनी गोधडी टाकली. मी शिडी धरून खाली. थोड्या वेळाने तो एक जोड हातात घेऊन उतरला. वरून तुझी राळ, छान घट्ट, गुळगुळीत. मावशीच्या यजमानांच्या मांगरात होड्या दुरुस्त व्हायच्या तेव्हा तू फटींत कापूस ठासायला आणि वर राळ-तेल ओतायला शिकलास, आणि तीच युक्ती तू या जोडांना लावलीस. खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही, तांबं हिरवं पडतं, पण निल्याच्या जोडात पाण्याचा थेंब शिरणार नाही! लोक नाव घेऊन मागायला लागले, "राळेचे जोड करून दी." मी वर्गात मुलांना सांगितलं होतं रे हे, आपल्या माणसाची अक्कल म्हणून. किती अभिमान होता मला.

धनेशने चाकूने राळ खरवडली. आतलं प्लास्टिक तव्यावर राहून गेलेल्या घावनासारखं तपकिरी झालं होतं. मग त्याने वायर चिमटीत धरली आणि ती निघूनच आली. "अक्का, मी ओढलंय पण नाय. नुसतो हात लायलंय," म्हणाला.

मी मराठीची बाई. मला जे समजलं ते माझ्या शब्दांत लिहिते, चुकलं तर तू दुरुस्त कर. वायरीच्या टोकाला बसवायचा तो धातूचा तुकडा दाबायला वेगळं हत्यार लागतं. तू तो पक्कडीने दाबला आहेस. वरून चापट दिसतो, पण आत वायर सैलच राहते. शिवाय जोडाचे दोन अर्धे दोन वेगळ्या कंपन्यांचे आहेत. बसतात एकमेकांत, पण घट्ट बसत नाहीत. भर उन्हात करंट वाढला की ती सैल जागा तापते, संध्याकाळी निवते, आणि रोजच्या तापण्यानिवण्याने आणखी सैल होते. उघडी असती तर निदान दिसली असती, काळी पडलेली कोणीतरी बघितली असती. तुझ्या राळेने ती झाकली आणि ऊब आतच धरून ठेवली. होडीला पाणी बाहेर ठेवायचं असतं, तिच्या फटीत आग नसते. आणि राळ स्वतः किती पेटते हे तुला मी सांगायला नको, मांगरात तीच जाळून तुम्ही मच्छर हाकलायचात.

मी विचारलं, "एखादाच असा असेल ना रे?" धनेश माझ्याकडे बघेना. "गोठ्यार आसत ते सगळेच असे," म्हणाला.

निलू, मी हे लिहायचं टाळत टाळत इथवर आले. पिठी काय, परीक्षा काय, मिळेल ते पुढे केलं. पण आता लिहिते. बाबांनी काहीही उपटलं नव्हतं. जोड तुझाच होता.

तरी मला वाटलं, दोन्ही खरं असेल. गोठ्यावरचे सैल असतील आणि घरावरचा बाबांनी उपटला असेल. मी त्यांच्या खाटेवर बसले आणि सरळ विचारलं. त्यांनी छपराकडे बोट केलं. मग म्हणाले, "गो बाय, ह्यो गुडगो घेवन मी छपरार चढतलंय?"

आपण दोघंही किती मूर्ख, हे आपल्याला सुचलं नाही! माळ्यावरचे नारळ काढायला ते शेजाऱ्याला हाक मारतात. गावपळणीच्या आदल्या दिवशी तर ते गुरं घेऊन सगळ्यांच्या आधी माळावर गेले होते. ते खोटं बोलले आणि इतकं कच्चं खोटं बोलले, तरी ते पकडायची गरज कोणालाच वाटली नाही, तुलाही नाही. तुझा राग त्यात मस्त बसत होता.

परतल्यावर घरात पहिले तेच शिरले होते. आढ्याजवळ जिथे तुझा जोड होता तिथलाच वासा आरपार जळलेला, पडवीकडचे नुसते धुरकटलेले. त्यांना विजेतलं काही कळत नाही, पण आग कुठून खाली आली हे बघायला वीज कळावी लागत नाही. तिथल्या तिथे त्यांनी ठरवलं. मी रडायला लागले, तर मलाच समजावलं. "तेचो धंदो आता खंय उभो रवता. माझो मान काय, आज आसा, उद्या नाय." मग माझा हात आपल्या हातात घेतला. "निल्याक सांगू नको. तुका माझी शपथ आसा." मी हो म्हटलं. म्हणजे मी शपथ घेतली, आणि आज मोडते आहे. बापाला दिलेला शब्द मोडताना अक्षर बघ किती वाकडं आलंय.

का मोडते ते सांगते. काल सुशीलामावशीचा फोन आला, खरं तर बाबांची चौकशी करायला. बोलता बोलता म्हणाली, "बाय, दुपारी पंखो फिरता फिरता थांबता, मगे आपसूक फिराक लागता. पावणे वैतागले. निलो इलो, वरसून आणखी राळ घालून गेलो." मी म्हटलं, मावशी, दुपारी ते स्विच पाडून ठेव, पाहुण्यांना त्या खोल्यांत झोपवू नको. तर हसली. "निल्यान सांगल्यान, काय नाय म्हणान. तुका गो काय कळता त्यातला?" बरोबर आहे. तुझ्यावर तिचा विश्वास आहे. आपल्या बाबांनी तो देवळात उभं राहून विकत घेऊन दिला आहे, तेव्हा तो असा सहज जायचा नाही.

बाबांवर मला माया येते आणि त्यांचा रागही येतो, दोन्ही एकदम. त्यांनी पोराला सांभाळलं. पण त्यांच्या त्या एका वाक्याने तू वर्षभर बिनघोर त्याच पक्कडीने तेच जोड करत राहिलास. त्यांच्या डोक्यात हे येत नाही. त्यांच्या हिशेबी आग लागली, विझली, संपलं. त्या राळेखाली अजून किती छपरं तापताहेत हे त्यांना सांगून मी काय मिळवणार?

बालवाडीचं मी करून टाकलं आहे. कालच धनेशला घेऊन गेले, पावसात काहीतरी भिजलंय असं बाईंना सांगून स्विच पाडला आणि वर चिठ्ठी चिकटवली. जोड त्याने उघडून पाहिले. विचारू नकोस. त्या खोलीत पोरं सतरंजीवर झोपतात रे दुपारची.

बाकीची घरं मला माहीत नाहीत. ती फक्त तुला माहीत आहेत. मी गावभर ओरडत फिरले असते तर तुझा धंदा बसला असता, बाबांचं खोटं उघडं पडलं असतं आणि तरी लोकांनी अक्काच्या सांगण्यावरून छप्पर उघडलं नसतंच. तुझ्या सांगण्यावरून उघडतील. म्हणून तूच जायचं आहेस. धनेश म्हणतो ते लिहिते. ऊन चढायच्या आत जा. आधी इन्व्हर्टर बंद, मग पॅनेलांचा स्विच, मग पॅनेलं झाक, आणि त्यानंतरच जोडाला हात लाव. चालू करंटात जोड ओढू नकोस, पॅनेलची ठिणगी घरातल्या विजेसारखी विझत नाही, ऊन आहे तोवर धरून राहते. राळ काढून टाक, सगळी. टोकं कापून नवी कर, दोन्ही अर्धे एकाच कंपनीचे, आणि हत्याराने दाब. धनेश आपलं हत्यार या पत्राबरोबर पाठवतो आहे. प्रत्येक वायर हाताने ओढून बघ. खालच्या डब्यातले, इन्व्हर्टरमधले स्क्रूही आवळ. आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी पुन्हा जाऊन बघ कुठे तापतंय का. लोकांना काय कारण सांगायचं ते तू ठरव. खरं सांगितलंस तर मला बरं वाटेल, पण ते मी तुझ्यावर सोडते.

आता राहिलेलं एक.

मी वर लिहिलं की बाबांना जरा बरं नसतं. तसं नाही. दोन्ही किडन्या गेल्या आहेत. कुडाळच्या डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात घरी न्यायला सांगितलं. मी तुला फोन केला होता त्या दिवशी, दवाखान्याच्या दारातून, तुझ्या दुकानापासून चालत येण्याच्या अंतरावर. रेंज नव्हती. आता पाय सुजले आहेत, जेवण पेजेच्या पाण्यावर आलं आहे, आणि दिवसातला बराच वेळ ते झोपेतच असतात. जागे असले आणि रस्त्यावर मोटरसायकल वाजली की मान उचलतात. कोणाची ते विचारत नाहीत.

हे वाचून तू तसाच गाडीला किक मारशील. मारू नकोस. आधी देवबागेला जा. मावशीचं छप्पर आधी, मग ज्यांच्याकडे लहान मुलं आहेत ती, मग बाकीची. एकही सोडू नकोस. त्यात तुला उशीर होईल, आणि तू येशील तेव्हा बाबा असतील की नाही हे मला सांगता येत नाही. तुला हे लिहिताना माझं काय होतं आहे ते मलाच माहीत. पण त्यांच्यासाठी आता कोणी काही करू शकत नाही आणि त्या छपरांखालच्या माणसांसाठी तू करू शकतोस. बाबा गेले आणि तू नव्हतास तर त्याचा बोल मी घेईन, तुझ्यावर येऊ देणार नाही.

आणि भेट झालीच, तर एक सांभाळ. माफी मागू नकोस. पायांवर पडू नकोस, रडू तर अजिबात नको. तुला काही कळलंय असं त्यांना दिसता कामा नये. तू अजून रागात आहेस म्हणजे तुला काही माहीत नाही, आणि तुला माहीत नाही म्हणजे आपण केलं ते फुकट गेलं नाही, एवढ्यावर तो माणूस तग धरून आहे. तेव्हा खाटेशी बस, पाणी पाज, पण तोंड फुगवूनच बस. जमलं तर दोन शब्द लागतील असेही बोल. ते ऐकून घेतील. त्यांना बरं वाटेल.

सगळ्या छपरांवरून उतरलास की ये रे, निलू. रागावलेला ये.

वाट बघणारी,
तुझी अक्का